कादंबऱ्यांतल्या कृष्णवर्णीय मोलकरणी: त्यांच्या स्वतःच्या घरी कोण जातं?

मुक्ता_कऱ्हाडकर (धागाकर्ती)

आमच्या वाचनगटाने या महिन्यात कॅथरिन स्टॉकेट यांची 'द हेल्प' (२००९) घेतली होती. बहुतेकींना पुस्तक मनापासून आवडलं. दोघी-तिघींना तर शेवटी रडू आवरेना. गटात वेळ अपुरा पडला आणि मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६२ नंतरची दोन-अडीच वर्षं, मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. एबिलीन आणि मिनी या कृष्णवर्णीय बायका गोऱ्या घरांत स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं असं सगळं करतात. नुकतंच कॉलेज संपवून घरी आलेली स्कीटर ही गोरी मुलगी त्यांचे अनुभव गोळा करून पुस्तक काढते. गावात पुढारपण करणाऱ्या हिलीने एक मोहीम चालवलेली असते: प्रत्येक गोऱ्या घरात मोलकरणीसाठी वेगळा संडास हवा, कारण त्यांच्यापासून रोग पसरतात. जिच्या हातचं तिन्ही त्रिकाळ खायचं, जिच्या मांडीवर पोटचं पोर झोपवायचं, तिने वापरलेला संडास मात्र चालत नाही. एबिलीनसाठी तो गॅरेजमध्ये बांधला जातो आणि वर 'आता तुला स्वतःचा मिळाला, किती छान' असं तिला ऐकवलंही जातं.

इथवर लेखिका अगदी नेमकं दाखवते. पण शेवट आठवून बघा. एबिलीनवर चांदीचे चमचे-काटे चोरल्याचा खोटा आळ येतो, काम जातं, आणि तिने सांभाळलेली चिमुरडी माए मोब्ली तिला सोडायला तयार होत नाही. तिथे आपण रडतो. एबिलीनचा स्वतःचा तरणाताठा मुलगा ट्रीलोर कामावरच्या अपघातात गेलेला असतो, ते पहिल्याच प्रकरणात येतं. त्यावर आमच्या गटात कुणी चकार शब्द काढला नाही.

मला हे खुपतंय. या बायकांची माया कादंबरीत भरभरून येते, पण ती मोजली जाते गोऱ्या मुलाच्या बाजूने. ज्या घरातून ती माया काढून आणली, तिथे संध्याकाळी कुणी जेवू घातलं, ताप आलेल्या पोराजवळ कोण बसलं, हे सांगायला पानं शिल्लक राहत नाहीत. वेगळा संडास हा अन्याय डोळ्यांना दिसतो. हा दुसरा अन्याय वाचकाच्या लक्षातही येत नाही, उलट तो आपल्याला गोड वाटतो.

तुम्ही वाचलेल्या कादंबऱ्यांत या बायका कशा दिसल्या? कुठल्या लेखकाने त्यांच्या घरापर्यंत नेलं? लिहा कृपया.

ओंकार_मु

+१. 'गॉन विथ द विंड' मी दोनदा वाचली आहे. एवढी जाडजूड कादंबरी, पण स्कार्लेटला वाढवणाऱ्या मॅमीचं नाव काय हे शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्या वाचनात मला ते जाणवलंही नव्हतं.

याच कादंबरीवरच्या सिनेमातल्या मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना १९४० मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या रात्री हॉटेलात बाकीच्या कलाकारांपासून लांब, एका बाजूच्या टेबलावर त्यांना बसवलं होतं, कारण त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, निर्मात्याला खास परवानगी काढावी लागली होती. त्याआधी डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला सिनेमाचा पहिला खेळ झाला, तिथे त्या जाऊ शकल्या नाहीत. वडील जन्माने गुलाम, स्वतः लोकांच्या घरी काम केलेलं. पडद्यावर जे खोटं होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शर्वरी_जोगळेकर

मुक्ताताई, तुमची तळमळ पोचली, पण मी थोडी दुसरी बाजू मांडते. 'द हेल्प' वाचेपर्यंत मला जॅक्सन कुठे आहे हेही माहीत नव्हतं. माझ्यासारख्या हजारोंना या पुस्तकाने पहिल्यांदा तिकडे वळवलं. मिनी काय जबरदस्त उतरली आहे! आणि यूल मेचं प्रकरण विसरू नका. जुळ्या मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी ती मालकिणीकडे उसने पैसे मागते, नकार मिळतो, ती एक अंगठी उचलते आणि थेट तुरुंगात जाते. तिथे तर तिच्या मुलांचाच प्रश्न आहे ना? गोऱ्या लेखिकेने लिहिलं म्हणून ते कमअस्सल ठरवू नये. दुसऱ्याचं दुःख लिहायचंच नाही असं ठरलं तर साहित्यात काय उरेल?

मुक्ता_कऱ्हाडकर

शर्वरी, यूल मेचा मुद्दा अगदी रास्त आहे. त्या प्रसंगात पुस्तक खरोखर तिच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जातं. लेखिका गोरी आहे हा माझा आक्षेप नाही. गोष्टीचा कणा स्कीटरचा आहे, हा आहे. पुस्तक छापून येतं, स्कीटरला न्यूयॉर्कची नोकरी मिळते, एबिलीनचं काम जातं. सिनेमात एबिलीन झालेल्या व्हायोला डेव्हिस यांनीही २०१८ मध्ये सांगितलं की ती भूमिका केल्याची त्यांना खंत आहे, कारण सरतेशेवटी त्या मोलकरणींचा आवाज त्यात ऐकू येत नाही.

सुनंदा_क

शर्वरीताईंच्या प्रश्नाला जोडून. 'हे दुसरं कुणी लिहिलंच नव्हतं' असा समज 'द हेल्प'च्या चर्चेत नेहमी असतो. लिहिलं होतं, आणि पन्नासहून अधिक वर्षं आधी. ॲलिस चिल्ड्रेस या कृष्णवर्णीय लेखिकेने मिल्ड्रेड नावाची मोलकरीण उभी केली. न्यूयॉर्कला गोऱ्यांच्या घरी कामं करणारी मिल्ड्रेड संध्याकाळी मैत्रिणीला, मार्जला, दिवसभराचं सगळं सांगते. आधी हे कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोबसन यांच्या 'फ्रीडम' या वृत्तपत्रात येत होतं, मग १९५६ मध्ये 'लाइक वन ऑफ द फॅमिली' या नावाने पुस्तक झालं. पूर्ण पुस्तकभर एकटी मिल्ड्रेड बोलते. मालकिणी तिच्या बोलण्यात जेवढ्या येतील तेवढ्याच.

पहिलीच गोष्ट घ्या. मालकीणबाई पाहुणीला कौतुकाने सांगते की ही आमच्या घरातलीच आहे. पाहुणी गेल्यावर मिल्ड्रेड तिला समोर बसवून समजावते. घरातली माणसं जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर जेवतात, मी स्वयंपाकघरात. मी मेले तर तुम्हाला फार तर काही दिवस चुकल्यासारखं वाटेल आणि मग दुसरी बाई ठेवाल. तेव्हा मला घरातली म्हणू नका, पगार वाढवा.

दुसरी गोष्ट पर्सची. एक मालकीण मिल्ड्रेड घरात असेपर्यंत आपली पर्स काखेतून खाली ठेवत नाही. एक दिवस ती मिल्ड्रेडला बाहेर कामाला पाठवते. मिल्ड्रेड जिन्यापर्यंत जाते आणि धावत, धापा टाकत परत येते, दार वाजवते, आत शिरून आपली स्वतःची पर्स उचलते. 'अगं बाई, विसरलेच होते!' मालकीण ओशाळते, माझा तुझ्यावर अविश्वास नाही हं, असं म्हणू लागते. मिल्ड्रेड म्हणते, काळजी करू नका, मी कुणाला इतका कमी पगार देत असते तर मीही पर्स घट्ट धरून बसले असते.

तीन-चार पानांत संशय, पगार, मानपान सगळं येतं, आणि जीत तिची होते. आपल्याकडे हे पुस्तक फारसं कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

रमा_वाचते

वा, सुनंदाताई! पर्सचा प्रसंग जबरी. वाचनखूण साठवली.

डॉ_केतकी

मुक्ताताई, तुमच्या 'कुणाच्या बाजूने मोजलं' या म्हणण्याचं सगळ्यात भयंकर उत्तर टोनी मॉरिसनच्या पहिल्या कादंबरीत आहे, 'द ब्लूएस्ट आय' (१९७०). ओहायोतलं लोरेन गाव, १९४१ चा सुमार. पॉलीन ब्रीडलव्ह ही पेकोलाची आई, तळ्याकाठच्या फिशर कुटुंबाकडे कामाला.

पेकोला तिथे आलेली असते, मागून तिच्या दोन मैत्रिणीही येतात. स्वयंपाकघर लख्ख, ओट्यावर बेरी घालून केलेला गरमागरम गोड पदार्थ नुकताच भट्टीतून काढून ठेवलेला. पेकोला भांडं गरम आहे का बघायला बोट लावते, भांडं खाली येतं, उकळता जांभळा रस तिच्या पायांवर उडतो. ती वेदनेने उड्या मारतेय. आई येते आणि आधी तिलाच फटके मारते, त्या रसात पाडते, पुन्हा मारते. तोंडी एकच, माझी फरशी, माझी फरशी! तेवढ्यात मालकांची गुलाबी फ्रॉकवाली लहान मुलगी रडायला लागते. पॉलीन तिला जवळ घेते, उगी उगी करते, दुसरा पदार्थ करून द्यायचं कबूल करते. ती पोर विचारते, या मुली कोण होत्या? पॉलीन उत्तर टाळते. भाजलेली मुलगी माझीच आहे, हे तिच्या तोंडून येत नाही.

आणखी एक बारकावा बघा. ती गोरी पोर पॉलीनला सरळ 'पॉली' म्हणते. पोटची मुलगी तिला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते.

मॉरिसन पॉलीनला दुष्ट ठरवत नाही, तिच्या बालपणापासून सगळं सांगते. गळकं घर, दारुडा नवरा, वाकडा लंगडा पाय. फिशरांकडे तिला हवं ते सगळं मिळतं: कपाटं भरलेली, पाणी गरम, दुकानदार मानाने बोलतात, कारण ती त्या घरातर्फे बोलते. तिला तिथे पहिल्यांदा कौतुक मिळालं. त्याची किंमत पेकोलाने भरली. मालक लोक म्हणतात, हिला आम्ही कधी सोडणार नाही. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

ओंकार_मु

केतकी, एक प्रश्न. मग पॉलीनचं त्या गोऱ्या मुलीवर प्रेम होतं असं म्हणायचं की नाही? आपण सरसकट 'ही माया खोटी' म्हणू लागलो तर तोही या बायकांवर अन्यायच ना?

डॉ_केतकी

होतं, नक्की होतं. माया खोटी असती तर पेकोलाचा प्रसंग इतका लागला नसता. प्रश्न असा आहे की ती माया करायला जागा, वेळ, गरम पाणी, भरलेलं कपाट तिला कुठे मिळालं. मालकाच्या घरी. स्वतःच्या घरी यातलं काहीच नव्हतं, आणि ते का नव्हतं याचा धागा तिच्या पगारापर्यंत जातो.

विदुला_थत्ते

ओंकारच्या प्रश्नाला ॲलिस वॉकरची सोफिया वेगळं उत्तर देते. 'द कलर पर्पल' (१९८२) ज्यांनी फक्त सिनेमा म्हणून पाहिला असेल त्यांनी कादंबरीतला हा भाग जरूर वाचा.

मेयरची बायको मिस मिली रस्त्यात सोफियाची टापटीप मुलं बघून हरखते आणि विचारते, माझ्याकडे कामाला येशील? सोफिया साफ नाही म्हणते. मेयर थोबाडीत मारतो, सोफिया उलट ठोसा देते. तिला इतकं बदडतात की ओळखू येऊ नये, आणि बारा वर्षांची शिक्षा होते. पुढे तुरुंगातून काढून तिला त्याच मेयरच्या घरी मोलकरीण म्हणून ठेवतात. जे काम नाकारलं तेच शिक्षा म्हणून.

मग तो नाताळ. पाच वर्षांत तिने स्वतःच्या मुलांना पाहिलेलं नाही. मिस मिलीला सोफियानेच गाडी चालवायला शिकवलेलं असतं. मिली मोठ्या उदार मनाने तिला घरी सोडते, दिवसभर राहा म्हणते. पण परत जाताना तिला गाडी मागे घेता येत नाही. सोफियाचे घरचे सोडायला तयार असतात, तर परक्या काळ्या पुरुषाबरोबर ती गाडीत बसणार नाही. शेवटी सोफियालाच बरोबर जावं लागतं. मुलांच्या वाट्याला पंधरा मिनिटं. आणि सोफिया किती कृतघ्न आहे, हे ती बाई पुढे कित्येक महिने ऐकवत राहते.

बऱ्याच वर्षांनी मिलीची मुलगी एलेनर जेन आपलं बाळ घेऊन येते. तिला सोफियानेच वाढवलेलं आहे. ती पुन्हा पुन्हा विचारते, माझं बाळ तुला आवडतं ना? आणि सोफिया सांगते, नाही, माझं त्याच्यावर प्रेम नाही. त्या मुलीला आपण काय मागतोय हे तोपर्यंत कळलेलंच नसतं. या उत्तरासाठी मी ही कादंबरी कुणालाही वाचायला देईन.

अनिरुद्ध_अटलांटा

उशिरा लिहितोय. मी गेली काही वर्षं जॉर्जियात राहतो. गेल्या वर्षी जॅक्सनला, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांचं घर बघायला गेलो होतो, आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. साधं बैठं घर. त्याला पुढच्या बाजूने दार नाही, आत जायचं ते गाडी लावायच्या जागेतून, बाजूने. समोरून कुणी गोळी घालू नये म्हणून घर घेतानाच ही काळजी. तरी १२ जून १९६३ ला मध्यरात्र उलटल्यावर तिथेच, गाडीतून उतरताना पाठीत गोळी लागून त्यांचा खून झाला. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा फक्त गोऱ्या ज्यूरींचं एकमत झालं नाही. मारेकऱ्याला शिक्षा झाली १९९४ मध्ये.

हा खून 'द हेल्प'मध्ये येतो. सिनेमात त्यानंतर काळी वस्ती नुसती घाबरून सैरावैरा पळताना दिसते. २०११ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री इतिहासकारांच्या संघटनेने जे जाहीर पत्रक काढलं त्यात यावर स्पष्ट आक्षेप होता: त्या शहरातल्या लोकांनी एव्हर्स यांचा लढा पुढे चालवला, ते कुठे गेलं? त्यांचा दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. गोऱ्या मालकांकडून होणारी लैंगिक जबरदस्ती हे या बायकांच्या आयुष्यातलं कायमचं भय होतं आणि पुस्तकात-सिनेमात त्याचा जवळजवळ मागमूस नाही. सगळ्या खलनायिका बायका, पुरुष आपले पेपर वाचत बसलेले.

सुनंदा_क

अनिरुद्ध, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याचीच दुसरी बाजू ॲन पेट्रींच्या 'द स्ट्रीट'मध्ये (१९४६) आहे. ल्यूटी जॉन्सन कनेक्टिकटला एका श्रीमंत घरी राहून काम करते, तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गोऱ्या बायका धरून चालतात की ही आपल्या नवऱ्यांना नादी लावणार. तिकडे पैसे वाचावेत म्हणून ती घरी क्वचित जाते आणि तिचा स्वतःचा संसार मोडतो. दुसऱ्याचं मूल सांभाळायचे पैसे मिळवताना.

गणेश_वाघ

पगाराचा विषय निघाला आहे म्हणून कायद्याचं थोडं. अमेरिकेत १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८ चा किमान वेतन व कामाच्या तासांचा कायदा, दोन्ही मोठे कामगारहिताचे कायदे. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेत कृष्णवर्णीय लोक मुख्यतः हीच दोन कामं करत होते. किमान वेतन घरकामगारांना मिळालं १९७४ मध्ये. म्हणजे एबिलीन आणि मिनी ज्या वर्षांत राबत होत्या त्या वर्षांत त्यांच्या पगाराला कायद्याचा कसलाच आधार नव्हता. मालकीण देईल ते. जुने कपडे आणि उरलेलं अन्न देऊन पगारात धरायचं, हेही चालायचं.

त्याच १९३५ मध्ये एला बेकर आणि मार्व्हल कुक यांनी 'द क्रायसिस' मासिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या नाक्यांवर लिहिलं. मंदीने काम गेलेल्या कृष्णवर्णीय बायका सकाळपासून कोपऱ्यावर उभ्या, गोऱ्या गृहिणी येऊन तासाच्या बोलीवर निवडून नेणार. लेखाला नावच त्यांनी गुलामांचा बाजार असं दिलं होतं.

या बायका निमूट सोसत होत्या हे चित्रही अपुरं आहे. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा १९५५-५६ चा माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो कुणाच्या पायांवर? रोज चालत कामावर जाणाऱ्या मोलकरणींच्या. १९६८ मध्ये डोरोथी बोल्डन या घरकाम करणाऱ्या बाईने अटलांटात घरकामगारांची संघटना काढली. हे सगळं कादंबऱ्यांत फार कमी येतं.

नीरज_फोंडा

नाक्याचं वाचून ओस्मान सेम्बेन यांचा 'ला न्वार द...' (१९६६) आठवला. सेनेगलचे हे कथाकार-दिग्दर्शक, आधी स्वतःची कथा लिहिली, मग सिनेमा केला. डकारमध्ये दिउआना अशाच रस्त्याकडेला बसलेल्या बायकांमध्ये असते. एक फ्रेंच बाई तिला निवडते. पुढे तिला फ्रान्सला, आंतिबला नेतात. तिला वाटतं फ्रान्स बघायला मिळेल. दिसतं काय, तर स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली. आईचं पत्र येतं, तिला लिहिता-वाचता येत नाही, तर मालक वाचून दाखवतो आणि तिला न विचारताच तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. ती ते पत्र फाडून टाकते.

सेनेगल १९६० ला स्वतंत्र झालेला. झेंडा बदलला तरी तिची जागा तीच. शेवट इथे सांगत नाही, पण तिच्या आईला मालक पैसे देऊ बघतो तो प्रसंग मुक्ताताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कॅमेरा अखेर तिच्या घरी जातो.

शर्वरी_जोगळेकर

हे सगळं वाचून मन भरून आलं. एक विचारू? आपण इतक्या लांबच्या गोष्टींवर हळहळतो आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असतो, त्यावर बोलायला नको का?

गणेश_वाघ

बोलायला हवंच, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे एवढंच नोंदवतो की हा संबंध आपल्याकडच्या लोकांनी फार आधी जोडला आहे. जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथर्सकडे बघूनच. पण या धाग्यावर एबिलीन, पॉलीन, सोफिया यांचं चाललंय, ते त्यांचंच राहू दे. प्रत्येक वेळी त्यांच्या गोष्टीवरून आपण लगेच आपल्यावर आलो की त्या पुन्हा मागेच पडतात.

रमा_वाचते

गणेशदादांशी सहमत.

कॅल्पर्नियाबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) शाळेत असल्यापासूनचं माझं लाडकं पुस्तक. बाराव्या प्रकरणात स्काउटच्या घरी स्वयंपाक करणारी, तिला वाढवणारी कॅल्पर्निया तिला आणि तिच्या भावाला आपल्या चर्चमध्ये नेते, तिथे स्काउटला पहिल्यांदा उमगतं की हिला आमच्या घराबाहेर वेगळं आयुष्य आहे. ती विचारते, मी तुझ्या घरी येऊ का कधी? कॅल्पर्निया हो म्हणते. कादंबरीत ती भेट होत नाही.

हार्पर ली यांनी त्याआधी लिहिलेली पण २०१५ मध्ये छापलेली 'गो सेट अ वॉचमन' वाचली तेव्हा त्यात ती भेट सापडली. स्काउट मोठी झाली आहे. कॅल्पर्नियाचा नातू एका अपघाताच्या प्रकरणात अडकलाय, म्हणून ती त्यांच्या घरी जाते. आणि वाढवणारी कॅल्पर्निया तिच्याशी परक्या गोऱ्या बाईशी बोलावं तसं अदबीने, अंतर राखून बोलते. स्काउट अखेर विचारते, तू आमचा द्वेष करायचीस का? बराच वेळ जातो, मग कॅल्पर्निया मान हलवून नाही म्हणते. कादंबरी म्हणून 'वॉचमन' कच्ची आहे, पण या चार पानांसाठी मी ती जपून ठेवली आहे. घर दिसलं, पण स्काउटला तिथे बसायला सांगणारं कुणी नव्हतं.

मुक्ता_कऱ्हाडकर

रमा, हे मला माहीत नव्हतं, आजच मिळवते. ओंकारच्या प्रश्नाचं उत्तरही इथे आहे असं वाटतं. ती मान नकारार्थी हलवते, पण तिचा नातू संकटात असताना तिने स्काउटचं सांत्वन का करावं? तिच्या मनात त्या क्षणी जागा त्या नातवाला आहे, आणि लेखिकेने ती ठेवली.

शर्वरी, तुझा धागा निघाला की दुवा दे.

पुढच्या महिन्यासाठी गटात मी 'लाइक वन ऑफ द फॅमिली' सुचवणार आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सिंदिवे मागोना यांच्या कथाही घेऊ, 'लिव्हिंग, लव्हिंग अँड लाइंग अवेक ॲट नाइट' (१९९१). त्यांनी स्वतः वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या घरी काम केलं होतं. पुस्तकाच्या पहिल्या भागात एकेक मोलकरीण आपापल्या 'मेडम'बद्दल बोलते, आणि पहिली कथाच पोटच्या पोरांना रात्री गावी सोडून शहरात कामाला निघालेल्या आईची आहे. कुणाकडे प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टपालखर्च मी देईन.

सुनंदा_क

मागोनांची माझ्याकडे आहे. व्यनि केला आहे.